कॅमेऱ्यावरचं पोतं

कमला मोहाखाली वाकून फुलं वेचत होती आणि तिच्या पाठीमागे नाल्याच्या काठावर वाघीण बसली होती. दोघींच्या मध्ये एक आडवं पडलेलं वाळकं झाड होतं, बाकी काही नव्हतं. सायरन वाजला नव्हता. वाजणारही नव्हता. सायरन ज्या कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून वाजतो, त्या कॅमेऱ्याच्या तोंडावर युरियाचं रिकामं पोतं बांधलेलं होतं. ते कमलानेच बांधलं होतं.

मी हाकेच्या अंतरावर उभी होते. हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. ती माझी ड्यूटी होती.

वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. जंगलाच्या कामात हे पहिल्यांदा शिकवतात. म्हणून आधी कमलाला उभं करायला हवं होतं. मी नुसतं ‘वाघ’ म्हणून ओरडले असते तर ती पळाली असती, आणि पळणाऱ्याच्या मागे तर घरचं मांजरही धावतं. मी रोजच्यासारखी हाक मारली.

“कमले, उभी होय.”

तिने मान वर केली नाही. “काहून? पोत्याचंच सांगायले आली न मावशी? सांगून ठेवतो, मी नाही काढत.”

हे पोतं तिथे कसं आलं ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी वन विभागात वनमजूर होते. चौथी शिकले. फायर लाइन जाळणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, गार्डसोबत गस्त घालणं अशी कामं. फायर लाइन म्हणजे उन्हाळ्याच्या आधी आपणच जाळून मोकळा केलेला पट्टा. पुढे वणवा आला तर त्याला तिथे जळायला काही मिळत नाही आणि तो थांबतो. आमचं गाव खाप्याच्या पुढे, जंगलाला चिकटलेलं. बसमधून उतरलं की गाव, आणि गाव संपलं की लगेच सागाची झाडं.

रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले होते तेव्हा खात्याने आमच्या नाल्यावर कॅमेरा लावला. नागपूरच्या एका कंपनीने तो बसवला. कंपनीचा इंजिनिअर निखिल नावाचा मुलगा होता. त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं, कारण काच पुसायचं काम माझ्याकडे येणार होतं. लोखंडी खांब. त्यावर कमरेइतक्या उंचीला कॅमेरा, वर सोलरची पाटी, त्याच्या वर भोंगा, म्हणजे सायरन. मागच्या डब्यात छोटा कॉम्प्युटर. समोरून काही हललं की कॅमेरा फोटो काढतो आणि कॉम्प्युटर ठरवतो की हा वाघ, ही गाय, हा माणूस. वाघ किंवा बिबट्या असला तर भोंगा वाजतो, गार्डचा मोबाइल वाजतो आणि नागपूरच्या कंट्रोल रूममध्ये फोटो जातो. गाय किंवा माणूस असला तर काही होत नाही.

याला एआय म्हणतात. मी निखिलला विचारलं, मशीनला वाघ कसा कळतो? तो म्हणाला, लहान पोराला जसं चित्रात दाखवतो, ही माऊ, ही गाय, तसं मशीनला पुष्कळ फोटो दाखवले आहेत. मग तिला नवीन फोटोही ओळखता येतो. पोरासारखीच ती चुकतेही. पहिल्या आठवड्यात तिने एका काळ्या वगारीला, म्हणजे म्हशीच्या पारडीला, अस्वल ठरवलं. भोंगा वाजला आणि अर्धं गाव शाळेच्या छतावर चढलं. वगार खाली उभी राहून वर बघत होती. निखिलने ते दुरुस्त केलं. त्यानंतर खरा वाघ आला तेव्हा भोंगा बरोबर वाजला आणि गुरं वेळेत आत घेता आली. मशीन कामाची होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार जागेची होती. वाघ नाल्यातून येतो, कारण तिथे सावली आणि आडोसा असतो. गावातल्या बाया त्याच कारणासाठी त्याच नाल्यात जातात. संडास घरोघरी बांधलेले आहेत. पण उन्हाळ्यात पिण्याचं पाणीच डोक्यावर आणावं लागतं, तर संडासात टाकायला कुठून आणणार? खांब रोवताना सरपंच होते, साहेब होते, निखिल होता. बाई एकही नव्हती. मी त्या दिवशी रोपवाटिकेवर होते.

मग ग्रामपंचायतीत कार्यक्रम ठेवला. निखिलने टीव्हीला लॅपटॉप जोडला. मशीन कशी ओळखते ते तो दाखवत होता. गाय आली, तिच्याभोवती हिरवी चौकट आणि वर ‘गाय’. कुत्रा आला, ‘कुत्रा’. लोक खूश होते. मग हिरव्या चौकटीत एक बाई आली. पाठमोरी बसलेली, बाजूला डबा. वर लिहिलं होतं ‘मनुष्य’.

चेहरा दिसत नव्हता. पण गावात माणूस पाठीवरून ओळखतात आणि बाई लुगड्यावरून ओळखतात. पिवळं, लाल काठाचं लुगडं एकाच बाईचं होतं. तिच्या भावाने दिवाळीला दिलेलं.

मागून कोणीतरी म्हणालं, “कमलाबाई, फोटो झकास आला.”

सगळे हसले. निखिलला वाटलं मशीनचं कौतुक चाललं आहे. त्याने तो फोटो तसाच ठेवला आणि सांगायला लागला की चौकट हिरवी आहे म्हणजे मशीनची पक्की खात्री आहे. मी उठून टीव्हीची पिन काढली. तोवर कमला निघून गेली होती.

कमला माझी शेजारीण. चाळिशीची. नवरा खापरखेड्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, आठवड्याने घरी येतो. घर, सासू, बकऱ्या सगळं हीच पाहते. तोंडाची फटकळ आहे. त्या दिवशी मात्र तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी नागपूरहून गार्डला फोन आला की कॅमेऱ्यातून नुसता अंधार दिसतो आहे.

गार्ड म्हणजे वनरक्षक. आमचे धुर्वे. त्यांनी मला पाठवलं. मी पोतं काढून आणलं. सकाळी पुन्हा दुसरं पोतं. मी तेही काढलं. तिसऱ्या दिवशी पोतं आणि वर दोर. मग मी कमलाकडे गेले. ती बकरीला पाला टाकत होती.

“पोते किती हायेत वं तुह्या घरी?”

“पुष्कळ हायेत. यंदा खत लय लागलं.”

“वाघीण फिरून राहिली कमले. मशीन आंधळी झाली तर गावाले कळन कसं?”

“मशीन आंधळी नव्हती तवा काय पाह्यलं तिनं? वाघ पाह्यला का माही पाठ?”

“निखिल म्हणते, माणसाचे फोटो मशीन आपोआप पुसते.”

“पुसताना तू पाह्यलं?”

मी पाहिलं नव्हतं. तसं मी सांगितलं. तिने बकरीकडे तोंड फिरवलं. बोलणं संपलं.

आरएफओ साहेबांनी मला रेंज ऑफिसात बोलावलं. आरएफओ म्हणजे आमच्या रेंजचे मुख्य अधिकारी. चाळीस-पंचेचाळिशीचे, कामाचे माणूस. समोर धुर्वे गार्ड उभे होते.

“सुमनबाई, सरकारी मालमत्तेचं नुकसान चाललं आहे. नाव सांगा. मी केस करतो.”

“नुकसान कुठं झालं साहेब? पोतं झाकलं हाय. तुमच्या जिपेवर ताडपत्री असते, तसं.”

धुर्वे खिडकीबाहेर बघायला लागले.

“मशीन माणसांचे फोटो ठेवत नाही. डिलीट करते.”

“मग टीव्हीवरचा कुठून आला?”

“तो ट्रायलच्या काळातला होता. तेव्हा डिलीटचं चालू केलं नव्हतं.”

“गावाले ट्रायल नाही दिसली साहेब. बाई दिसली.”

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाले, “ते चुकलंच. पण नाल्यात वाघिणीचे पग आहेत. मोहाचा सीझन आहे. बाया पहाटेपासून झाडाखाली असतात. उद्या कोणाला उचललं तर मी काय सांगू?” पग म्हणजे पावलाचा ठसा.

“म्हणून म्हणतो, त्या पोराले बोलवा. त्यानं बायांसमोर बसावं.”

“गुरुवारी येतो म्हणाला. तोपर्यंत पोतं काढून ठेवा.”

“नाही काढत.”

“का?”

“मी काढलं की कमला अंधारात जाऊन पुन्हा बांधते. वाघीण हाय त्या नाल्यात अंधारात जाते. पोत्यापायी मेली तर?”

बोलता बोलता मी कमलाचं नाव घेऊन बसले होते. साहेबांनी ते ऐकलं, पण लिहून घेतलं नाही.

“मग तोवर मशीनची ड्यूटी कोण करेल?”

“मी करतो.”

“एकट्या नाही. धुर्वे, तुम्ही आणि बाई. रोज पहाटेपासून ऊन चढेपर्यंत.”

तसं ठरलं. मी घरोघरी जाऊन सांगितलं की गुरुवारपर्यंत मोहाला जाऊ नका, नाल्याकडे एकट्या जाऊ नका. नाल्याचं बायांनी ऐकलं, घोळक्याने जायला लागल्या. मोहाचं कोणी ऐकलं नाही. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराने वाटलेली आहेत. कागदावर नाही, आजे-पणज्यांपासून. एकाच्या झाडाखाली दुसरा हात घालत नाही. फूल पहाटे गळतं. ऊन चढेपर्यंत उचललं नाही तर हरणं आणि गुरं खाऊन जातात. मोह वर्षातून एकदाच येतो, आणि त्याचे पैसे होतात.

“मोह थांबते का माह्यासाठी?” कमला म्हणाली. तिचं झाड नाल्याला सगळ्यात जवळ.

बुधवारी पहाटे पलीकडच्या टेकडीवर धूर दिसला. फुलं दिसावी म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला होता आणि आग पसरली होती. हे दर वर्षी होतं, आणि कोणी केलं ते कधीच कळत नाही. धुर्वे मोटरसायकल घेऊन तिकडे गेले. मला म्हणाले, “बाई, मी येतोच. खांबाजवळून हलू नका.” मी बायांचा घोळका नाल्यातून गावाकडे लावून दिला आणि परत फिरले, तेव्हा वानर खोकलं.

वाघ दिसला की वानर खोकल्यासारखा आवाज काढतं. त्याला आम्ही कॉल म्हणतो. एकदा खोकलं तर उगाच असेल. ते थांबत नव्हतं. मी आवाजाच्या दिशेने पाहिलं. आधी कमला दिसली, मग तिच्या मागची वाघीण.

सुरुवातीला सांगितलं ते हे.

“पोत्याचं नाही सांगत,” मी म्हणाले. “वानर ऐकू येते का?”

कमलाचा हात फुलावर थांबला. जंगलाजवळच्या माणसाला तेवढं पुरतं.

“मांगं पाहू नको. पळू नको. टोपली डोक्यावर घे अन् उभी होय. हळू.”

ती उभी राहिली. टोपली डोक्यावर घेतली. फुलं अर्धी सांडली. टोपलीमुळे ती अजून उंच दिसायला लागली, मला तेच हवं होतं. वाघिणीने कान मागे घेतले. शेपटीचं टोक हलत होतं. पण ती उठली नाही.

“आता माह्याकडं चालत ये.”

नियम असा आहे की वाघाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकायचं. मी तो नियम मोडला. कमलाने वळून तिला पाहिलं असतं तर ती पळाली असती, माझी खात्री होती. वाघिणीकडे माझं तोंड होतं. दोघींत एकीचं पुरे, असं मी धरून चालले.

कमला चालायला लागली तशी वाघीण उठली. पडलेल्या झाडापर्यंत आली आणि थांबली. पुढचा एक पाय तिने झाडावर ठेवला.

“मावशी, किती जवळ हाय?”

“तू चाल.”

“म्या इचारून राहिली किती जवळ हाय.”

“झाडाच्या पल्याड हाय. चाल.”

खांब माझ्या उजव्या हाताला होता. गळ्यातली शिट्टी बारीक, तो भोंगा मोठा. मी तोंड वाघिणीकडे ठेवून आडवी सरकत खांबापाशी गेले आणि एका हाताने पोत्याचा दोर ओढला. सुटला नाही. अजून आवळला.

“कमले, गाठ कोणती मारली वं?”

“बैलाची.”

“सुटत नाही.”

“वरचं टोक नको ओढू. वरचं ओढलं का आवळते. खालचं पाह्य, मुडपलेलं हाय ते.”

ती चालत होती, तिच्या मागे वाघीण उभी होती आणि ती मला गाठ सोडायला शिकवत होती. सांगणं बरोबर होतं. मी खालचं टोक ओढलं. दोर सुटला, पोतं खाली पडलं.

काही झालं नाही.

भोंगा गप्प. मला वाटलं सोलर उतरलं. मग ध्यानात आलं. कॅमेऱ्याच्या समोर मीच उभी होते. तो माझं पोट पाहत होता. मशीनला शिकवलेलं आहे की माणूस दिसला तर गप्प बसायचं. ती शिकवल्याप्रमाणे वागत होती. मी दोन पावलं बाजूला झाले. कॅमेऱ्याला समोर कमला दिसली असेल, तिच्या मागे झाड, आणि झाडावर पाय ठेवलेली वाघीण.

मशीनने थोडा वेळ घेतला. माणसालाही लागला असता. मग भोंगा वाजला.

तो जवळून ऐकला तर छातीत बसतो. कमला जागच्या जागी खिळली. वाघिणीने झाडावरचा पाय काढला, भोंग्याकडे पाहिलं, आणि वळली. धावली नाही. नाल्यात उतरली आणि बांबूत गेली. तिच्या मागून बांबू अजून दोनदा हलला. नंतर ठसे पाहिले तेव्हा कळलं, दोन पिल्लं होती. म्हणून ती तिथून हलत नव्हती.

कमला माझ्यापर्यंत आली. टोपलीत पाहिलं. मग म्हणाली, “लय फुलं सांडले वं. घेऊन येतो.” आणि मागे वळली.

मी तिच्या कानाखाली एक वाजवली. तेव्हा ती खाली बसली आणि रडली. मी तिला रडू दिलं, पण उभी राहून रड म्हणाले. तिला उभं केलं.

भोंग्याने गाव गोळा झालं. पोरं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांना नाल्यात उतरायचं होतं. वाघापेक्षा वाघामागे लागलेल्या गर्दीने जास्त माणसं जखमी होतात, हे कोणालाही सांगून पटत नाही. मी काठी आडवी धरून उभी राहिले. दोघं-चौघं मला वळसा घालून गेलेही. तेवढ्यात धुर्वे आले. तोंड काजळीने काळं, डोळे लाल.

“कुठं चालले गा?”

“वाघीण पाहायले.”

“तिच्यासंगं पिल्लं असले तर ती तुमाले पाहीन. पंचनामा मलेच करा लागते. या मांगं.”

ते मागे आले. पंचनामा शब्दाने लोक थांबतात, वाघाच्या नावाने थांबत नाहीत.

गुरुवारी निखिल आला. साहेब म्हणाले बैठक ग्रामपंचायतीत घेऊ. बाया म्हणाल्या, कमलाच्या अंगणात, आणि गावातला गडीमाणूस एकही नको. म्हणून निखिल आणि साहेब दोघंच पुरुष. साहेबांना खुर्ची दिली. निखिल उभा राहिला.

“सॉरी मावशी,” तो कमलाला म्हणाला. “ते हसून काहून राहिले ते मला समजलंच नाही.”

“तुही माय असती चौकटीत, तर समजलं असतं का?”

“हो,” तो म्हणाला. “समजलं असतं.”

त्याने दुसरं काही कारण दिलं नाही. म्हणून बाया पुढचं ऐकायला तयार झाल्या.

“फोटो कुठं हायेत?” कमलाने विचारलं.

“नागपूरला. कंट्रोल रूममध्ये.”

“मंग नागपूरले चाल.”

साहेबांनी जीप दिली. मी, कमला आणि निखिल. ऑफिसात एसी होता, चपला बाहेर काढायच्या होत्या. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर कुठकुठले नाले आणि पाणवठे. निखिलने आमच्या खांबाचं उघडलं. गाई, वाघ, बिबट्या. माणूस एकही नाही.

“ट्रायलचे?” कमला म्हणाली.

ते दुसऱ्या फोल्डरमध्ये होते. फोल्डर म्हणजे कॉम्प्युटरमधली पेटी. त्यात गावातल्या पुष्कळ बाया होत्या. आम्ही दोघींनी पाहिलं, निखिलने तोंड फिरवून बसावं असं मी सांगितलं आणि तो बसला. मग त्याने ते सगळे डिलीट केले.

“डिलीट केलं का कुठं जाते?” मी विचारलं. घरातला कचरा काढला तरी तो उकिरड्यावर असतोच, म्हणून विचारलं.

निखिलने खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हणाला, “बिनमध्ये जातात. म्हणजे कचरापेटीत.” त्याने ते बिन उघडलं. सगळे तिथे होते. तेही त्याने रिकामं केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी होती, तीही आमच्यासमोर काढली. या कामात दुपार गेली. त्याने कंटाळा केला नाही. पुढे माणसाचा फोटो खांबावरच्या डब्यातच पुसला जावा, नागपूरला येऊच नये, असं त्याने करून दिलं. साहेबांनी त्याचं पत्र काढलं.

शेवटी बुधवारचा फोटो आला. वाघ होता म्हणून मशीनने तो ठेवला होता. हिरव्या चौकटीत वाघीण, झाडावर पाय. तिच्या पुढे कमला, डोक्यावर टोपली, तोंड उघडं. गाठ कशी सोडायची ते सांगत असणार.

“हा पण काढू?” निखिलने विचारलं.

कमला पडद्याजवळ गेली. “राहू दे,” ती म्हणाली. “इथं म्या माह्या कामावर हावो.”

खांब नाल्याच्या पलीकडच्या काठावर हलवला. अलीकडे बायांच्या जागेपुढे बांबूच्या तट्ट्या लावल्या. कोणत्या तट्ट्या किती उंच, ते बायांनी सांगितलं. खांबावरून काय काय नागपूरला गेलं ते दर महिन्याला कमला आणि अजून एक बाई धुर्वे गार्डच्या मोबाइलवर तपासतात. एकदा भोंगा पट्ट्यापट्ट्याच्या चादरीवर वाजला. चादर कमलाचीच होती, वाळत घातलेली. त्यावर तिने निखिलला फोन करून बरंच ऐकवलं. संडासाच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीने टाकी बसवली. नळ अजून बसायचा आहे.

मी त्यानंतर रिटायर झाले. काच आता दुसरी बाई पुसते. मशीन सरकारी असो की खाजगी, बसवण्याआधी तिच्यासमोरून कोण जातं ते बघावं, आणि जाणाऱ्यालाच विचारावं. साहेबांना विचारून ते कळत नाही, आणि मशीनलाही कळत नाही. तिला मनुष्य एवढंच कळतं.

त्या बुधवारी मोहाखाली आम्ही तिघी होतो. मी, कमला आणि वाघीण. तिघी वाचलो.